डुकरांच्या शेडमधील अमोनिया कसा कमी करावा? चुना टाकल्यावर डोळे अधिकच झोंबू लागले

प्रश्न : सांवेर रस्ता

नमस्कार. इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि तिच्या एका कडेला गेली तीन वर्षे मी वराहपालन करीत आहे. सध्या यॉर्कशायर जातीची लहानमोठी मिळून साठ जनावरे आहेत व त्यांपैकी चाळीस विक्रीच्या वजनाला आलेली आहेत. शेडची फरशी सिमेंटची असून मागच्या भिंतीलगतची उघडी नाली बाहेरच्या उघड्या खड्ड्यात जाते.

थंडीत पिल्लांना गारठा लागू नये म्हणून रात्री चारही बाजूंनी ताडपत्र्या सोडतो. पहाटे त्या वर करताना आत पाऊल टाकले की डोळ्यांतून पाणी येते, घसा धरतो, आणि पिल्ले सारखी खोकत असतात. आई पूर्वी संध्याकाळी अंगणात बसत असे, ती आता घरातच बसते. शेजारच्या मळ्यातील काकांनीही दोनदा बोलून दाखविले आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. गेल्या आठवड्यात वास कमी व्हावा म्हणून ओल्या नालीत आणि खड्ड्यावर चुना टाकला, तर काही वेळातच डोळे पूर्वीपेक्षा जास्त झोंबू लागले.

खाद्य मका, सोयाबीन पेंड आणि गव्हाचा कोंडा यांचे असते. आपल्या भागात पेंड सहज मिळत असल्यामुळे दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंत साधारण २० टक्के प्रथिनांचे एकच मिश्रण देतो. बेताच्या खर्चात अमोनिया कमी करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग कोणता? जंतूंच्या पुड्या आणि वनस्पतींचे अर्क विकणारे येतात, त्यांचा उपयोग होतो का?

उत्तर १ : निवृत्त पशुवैद्यक, महू

चुना टाकणे आजच थांबवावे. ताज्या मूत्रातील युरियाला हा वास नसतो. विष्ठेतील जंतूंचे युरिएज नावाचे विकर त्याला भिडले की तो फुटून अमोनिया तयार होतो. ओल्या मळीत, म्हणजे मलमूत्राच्या रबडीत, हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक विरघळून राहणारे अमोनियम आणि दुसरा हवेत निसटणारा वायू. सामू (पीएच) ७ च्या खाली असेल तर जवळजवळ सर्व अमोनियम असते, सव्वानऊच्या आसपास दोन्ही निम्मे निम्मे होतात, आणि चुन्याने सामू १२ च्या घरात गेला की साठलेले सारे अमोनियम वायू होऊन बाहेर पडू लागते. तुमच्या डोळ्यांना तेच झाले. चुन्याची जागा जनावरे काढून, धुऊन वाळविलेल्या रिकाम्या कप्प्यात आहे, तेथे तो जंतुनाशक म्हणून जरूर वापरावा.

आता मूळ उपाय. मूत्र आणि विष्ठा जितक्या लवकर वेगळी होतील आणि ओला पृष्ठभाग जितका लहान राहील, तितका अमोनिया कमी होईल. फरशीवर मूत्राचे थारोळे साचले की पहिल्या काही तासांतच त्यातून वायू निघू लागतो; म्हणून सकाळी एकदाच भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा दिवसातून तीनदा कोरडे खरवडून विष्ठा उचलणे अधिक उपयोगी पडते. फरशीला नालीकडे एका मीटरला तीन सेंटिमीटर तरी उतार हवा, आणि जेथे खळगे पडले असतील ते सिमेंटने भरून घ्यावेत. एका पावसाळी दुपारी मी एका शेडमध्ये बादलीभर पाणी ओतून पाहिले होते, तेव्हा नालीपर्यंत जेमतेम निम्मे पोचले आणि उरलेले चार खळग्यांत थांबले. त्या शेडमधील वासाचा बहुतेक हिशेब त्या चार खळग्यांतच होता. नालीवर आणि खड्ड्यावर झाकण घालावे. ते परवडत नसेल तर खड्ड्यावर गव्हाच्या काडाचा वीतभर थर तरंगता ठेवावा, कारण मळी आणि वारा यांच्यामध्ये काहीतरी आडवे येणे महत्त्वाचे असते.

उन्हाळ्याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात, आणि माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. डुकराला घाम येत नाही. हवा सुखाची असेल तर ते झोपण्याची जागा स्वतःहून कोरडी ठेवते आणि पाण्याजवळचा ओला, थंड कोपरा घाणीसाठी निवडते. उष्मा वाढला की तेच जनावर गारव्यासाठी स्वतःच्या मूत्रात लोळते, झोपण्याची जागाही भिजते, आणि वायू सुटणारे क्षेत्र दुपटीने वाढू शकते. त्यामुळे छपरावर पाचट, बाजूला सावली, थेंब थेंब पाण्याची सोय आणि पाण्याची निपले नालीच्याच बाजूला, एवढी व्यवस्था केलीत तर जनावर तुमचे अर्धे काम करील.

थंडीत ताडपत्री पूर्ण बंद करू नये. छपराखाली हातभर फट ठेवावी, कारण अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. पिल्लांना ऊब खाली बिछायतीने आणि दिव्याने द्यावी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) ही मर्यादा सुचविली आहे. नाक सरावते, म्हणून नाकावर विसंबू नये. लाल लिटमस कागद शुद्ध पाण्यात भिजवून डुकराच्या नाकाच्या उंचीवर धरावा, तो किती लवकर निळा होतो यावरून रोजचा फरक कळतो.

पुड्या आणि अर्क यांचे परिणाम एका शेडमध्ये दिसतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत, म्हणून पैसा तेथे सर्वांत शेवटी घालावा.

उत्तर २ : खाद्यमिश्रण, इंदूर

डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते अमोनिया तयार झाल्यानंतरचे आहे. तो मुळात कमी तयार व्हावा यासाठी खाद्याकडे पाहावे लागेल. मोठे डुक्कर दिवसाला अडीच किलो खाते असे धरा. २० टक्के प्रथिनांच्या मिश्रणातून त्याच्या पोटात प्रथिनांचा घटक असलेले नत्र (नायट्रोजन) ८० ग्रॅम जाते, १५ टक्क्यांच्या मिश्रणातून ६० ग्रॅम. शरीरात राहते ते दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच, साधारण २४ ग्रॅम. म्हणजे बाहेर पडणारे नत्र ५६ वरून ३६ ग्रॅमवर येते, आणि जे वाचते ते बहुतांशी मूत्रातील युरियाचे असते. चाळीस जनावरांचा हिशेब केला तर रोज ८०० ग्रॅम नत्र होते; युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे हे पावणेदोन किलो युरियाइतके झाले. तेवढे आपण सोयाबीन पेंडीच्या रूपाने विकत घेऊन नालीत सोडत आहात. खाद्यातील प्रथिने एका टक्क्याने घटली की अमोनिया सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मात्र नुसती पेंड कमी करू नका, वाढ खुंटेल. मक्यात लायसिन हे प्रथिने घडविणारे अमिनो आम्ल कमी असते, म्हणून पेंड काढाल तेथे लायसिन, आणि गरजेप्रमाणे थ्रिओनिन व मेथिओनिन ही तशीच अमिनो आम्ले मिसळावी लागतात. पिल्ले, वाढीची जनावरे आणि विक्रीची जनावरे अशी तीन मिश्रणे करा. गव्हाचा कोंडा चालू ठेवा. त्यातील तंतूंमुळे नत्राचा काही भाग मूत्राऐवजी विष्ठेतून बाहेर पडतो आणि विष्ठेतले नत्र इतक्या घाईने उडत नाही.

उत्तर ३ : देवासचा शेतकरी

गोबरगॅस बसविला की प्रश्न सुटेल असे तुम्हांला कोणी सांगेल, म्हणून आधीच लिहितो. आमच्याकडे तो आहे, चूल चालते, कुजका वासही गेला. परंतु बाहेर येणाऱ्या मळीत अमोनियम वाढलेले असते आणि सामूही चढलेला असतो, त्यामुळे ती उघड्यावर ठेवली तर अमोनिया पूर्वीपेक्षा जास्त उडू शकतो. बाहेरच्या टाकीला झाकण हवेच.

सांवेर रस्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल बादलीभर पाणी ओतून पाहिले. सहा खळगे निघाले आणि गवंड्याला सांगितले आहे. दोन शंका राहिल्या. मळीत आम्ल घालतात असे वाचले होते, ते आपल्याकडे करता येईल का? आणि गव्हापूर्वी ही मळी शेतात नेमकी कशी घालावी?

निवृत्त पशुवैद्यक, महू

आम्ल घरी करू नका. डेन्मार्कमध्ये गंधकाम्लाने मळीचा सामू साडेपाचच्या आसपास आणतात, पण तेथे त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. साठलेल्या मळीत आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू उसळतो आणि बंद जागेत तो माणसाला क्षणात पाडतो. जिप्समही ओल्या खड्ड्यात टाकू नका, हवा नसलेल्या मळीत त्यातूनही हाच वायू तयार होतो. खरवडलेल्या विष्ठेचा काड मिसळून ढीग घालता, त्याच्या प्रत्येक थरावर थोडे सिंगल सुपर फॉस्फेट पसरलेत तर नत्र बरेचसे ढिगातच टिकते.

शेताविषयी सांगायचे तर आपली काळी माती बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून वर पसरून ठेवलेली मळी येथे लवकर नत्र गमावते. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, वारा पडलेला असताना घाला आणि वखर मागोमागच चालवा. सकाळी पसरून दुपारी वखरायचे ठरविले तर मधल्या चार तासांतच नत्राचा मोठा वाटा उडून जातो. वखर आणि टँकर एकाच दिवशी मिळत नसतील तर टँकर पुढे ढकला.