वय सरकते तशी कारणेही सरकतात
आत्महत्येचे विचार हा परीक्षा आणि प्रेमभंगाच्या वयातला प्रश्न आहे, हे मत मला अपुरे वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांपैकी ३१.७ टक्क्यांमागे कौटुंबिक समस्या आणि १८.४ टक्क्यांमागे आजारपण नोंदले आहे; परीक्षेतील अपयशाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. (अर्थात, पोलिसी नोंदीत एकच कारण लिहिले जाते आणि नैराश्य त्यामागे बहुधा झाकले जाते.)

पूर्वी केलेला प्रयत्न, नैराश्य आणि व्यसन यांमुळे आत्महत्येचा धोका कोणत्याही वयात वाढतो. चाळिशीत कर्ज, सुटलेली नोकरी किंवा मोडलेला संसार यांची भर पडते. साठीनंतर सततचे दुखणे, जोडीदाराचा मृत्यू आणि आपण घरावर ओझे झालो ही भावना. नागपुरात आमच्या गल्लीतले एक निवृत्त काका रोज सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर चौघांना जमवून बसत. पत्नी गेल्यावर ते येईनासे झाले, ऐकू कमी येते म्हणून फोनही टाळू लागले, आणि आम्ही सारे ‘वय झाले’ म्हणत राहिलो. शेवटी सुनेनेच सरळ विचारले, “मामाजी, जगणं नकोसं वाटतं का तुम्हाला?” ते बराच वेळ रडले आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तयार झाले. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. घरात कोणाशी बोलणे जमत नसेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा शासकीय मदत क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.