थ्रस्ट बेअरिंगचं पेटंट: मिशेल आणि किंग्जबरी
'आधी अर्ज करेल त्याचंच पेटंट' असं म्हणतात, ते ब्रिटनपुरतं ठीक, पण अमेरिकेत पूर्वी तसं नव्हतं. तिथे आधी शोध कोणी लावला ते बघत, आणि हा नियम थेट २०१३ पर्यंत टिकला. थ्रस्ट बेअरिंगचंच बघा, म्हणजे फिरत्या शाफ्टचा (दांड्याचा) त्याच्या लांबीच्या दिशेने येणारा भार पेलणारा आधार. ऑस्ट्रेलियाच्या मिशेलने १९०५ मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेच्या किंग्जबरीने १९०७ मध्ये अर्ज केला तेव्हा मिशेलचं पेटंट दाखवून तो नाकारला गेला. पण किंग्जबरीचे प्रयोग १८९८ चे होते. ते सिद्ध झाल्यावर १९१० मध्ये त्यालाही पेटंट मिळालं. दोघांनी एकमेकांची नक्कल केली नव्हती, हे विशेष.

कल्पना साधी आहे. अखंड चकतीऐवजी किंचित कलणारे सुटे पॅड ठेवायचे. शाफ्ट फिरला की तेल पाचरीसारखं आत ओढलं जातं आणि धातूला धातू लागतच नाही. पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात रोलर बेअरिंगं सारखी दुरुस्तीला यायची. तिथे १९१२ मध्ये किंग्जबरीचं ४८ इंची बेअरिंग बसलं, सुमारे २०० टन भार घेणारं. पहिल्याच चाचणीत ते खराब झालं होतं, बरं का! घासून-पुसून पुन्हा बसवल्यावर मात्र दशकानुदशकं चाललं.