चीक, पीयूष की कोलोस्ट्रम? आरोग्याच्या मजकुरात कोणता शब्द कुठे

भाषांतरकार :

गाईच्या चिकाची, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाची, भुकटी माणसांनी आरोग्यासाठी घ्यावी, अशा आशयाचा एक मजकूर मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात ओळीओळीला कोलोस्ट्रम हा शब्द आहे. 'चीक' लिहिलं तर सहकारी म्हणतात, वाचणाऱ्याला रुईचा चीक आठवेल. 'नवदुग्ध' लिहिलं तर काहीच आठवत नाही. 'पीयूष' भारदस्त वाटतो, पण त्याबद्दल मनात शंका आहे. शिवाय 'प्रतिकारशक्ती वाढवते', 'आतड्याची गळती थांबवते', 'नैसर्गिक प्रतिजैविक' अशी वाक्यं आहेत. ती जशीच्या तशी मराठीत उतरवायला हात धजत नाही. शब्दांबद्दल आणि त्यामागच्या अर्थाबद्दल जाणकारांनी सांगावं.

कोशप्रेमी :

ताई, 'चीक'च लिहा. एका शब्दाला दोन अर्थ असले म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. झाडाचा चीक पाना-फांदीतून गळतो, गाईचा चीक सडातून येतो. शेजारचा शब्दच अर्थ सांगतो. पहिल्यांदा 'गाईचा चीक' किंवा 'चिकाचं दूध' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'चीक' चालेल.

शब्द पुल्लिंगी आहे, तो चीक. प्रत्यय लागला की दीर्घ ई ऱ्हस्व होते: चिकाचा, चिकात, चिकातील. हल्ली जाहिरातींत 'चीकचे फायदे', 'चीकमधील घटक' असं दिसतं, तसं लिहू नका. चीक आणि खरवस हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. खरवस म्हणजे चीक शिजवून घट्ट झालेला पदार्थ, आणि तुमचा मजकूर त्याबद्दल नाही.

आता पीयूष. अमरकोशात 'पीयूषोऽभिनवं पयः' असं आहे, म्हणजे नुकत्याच व्यालेल्या जनावराचं नवं दूध. त्यामुळे अर्थाच्या दृष्टीनं शब्द अगदी नेमका आहे. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ अमृत, आणि मराठी वाचकाच्या कानात तोच अर्थ बसला आहे. भुकटीच्या डब्याला 'पीयूष' म्हटलं की वाक्य सुरू होण्याआधीच वाचकाला अमृताचं आश्वासन मिळतं. माहिती देणाऱ्या मजकुरात असा शब्द मी वापरणार नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीशी घोटाळा होण्याचा धोका आहे तो वेगळाच.

चरकसंहितेत पीयूषाचा उल्लेख आहे म्हणून त्याचा आधार पुष्कळ जण घेतात. तिथे पीयूष, मोरट, किलाट हे दुग्धपदार्थ एकत्र घेतले आहेत. ते पचायला जड, तृप्ती देणारे, शरीर भरणारे, वात कमी करणारे, आणि ज्यांचा अग्नी प्रखर आहे किंवा ज्यांना झोप येत नाही त्यांना सुखकर, असं वर्णन आहे. यात रोगजंतूंशी लढण्याचा विषय नाही. 'प्राचीनांना चिकाची प्रतिकारक्षमता ठाऊक होती' असं वाक्य मुळात असेल तर ते या वचनावर टेकवू नका.

पशुवैद्य :

शब्दाबद्दल कोशप्रेमींशी सहमत. मी त्या शब्दातल्या वस्तूबद्दल सांगतो, कारण 'चीक' ही एकच ठरावीक वस्तू नाही.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना धरणारी प्रथिनं, वारेतूनच मिळालेली असतात, विशेषतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत. गाईची वार तसं होऊ देत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती सगळी चिकातून मिळवावी लागतात, आणि त्यासाठी वेळ फार थोडा असतो. वासराचं आतडं ती प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात जाऊ देतं, पण ही क्षमता तासातासाला कमी होत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन-चार तासांत वासराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत चीक पाजा, असं आम्ही सांगतो. ४० किलोच्या वासराला साधारण ४ लिटर.

चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर आयजीजी प्रतिपिंडं हवीत. साध्या दुधात ती लिटरला एक ग्रॅमही नसतात. गोठ्यात ब्रिक्स, म्हणजे चिकात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, मोजणारं छोटं यंत्र वापरतात. आकडा २२ किंवा त्याहून जास्त आला की चीक चांगला समजतात. हे पहिल्या धारेचं झालं. दुसऱ्या वेळच्या दोहनापासूनच प्रतिपिंडं झपाट्यानं उतरतात, आणि तीन-चार दिवसांत ते जवळपास नेहमीचं दूध होतं. मधल्या दिवसांच्या दुधालाही बोलण्यात चीकच म्हणतात. त्यामुळे भुकटीच्या वर्णनात नुसतं 'चीक' लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. 'कितव्या दोहनाचा' आणि 'आयजीजी किती' हे दोन तपशील मुळात असतील तर ते गाळू नका. नसतील तर मजकूर लिहिणाऱ्यांना विचारा.

आणखी एक सांगतो, ते शब्दाबाहेरचं आहे पण मला जवळचं आहे. पहिला चीक वासराचा. त्याचं पोट भरल्यावर उरलेलाच बाहेर द्यावा. 'अतिरिक्त चीक' असा शब्द मुळात असेल तर त्याचा अर्थ हाच असायला हवा.

परिचारिका :

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. 'चिकाचं दूध' हा शब्द आम्ही रोज वापरतो, पण आईच्या दुधासाठी. बाळंतीण झालेल्या बाईला आम्ही सांगतो, हे पिवळं घट्ट दूध म्हणजे चीक, तो पिळून टाकायचा नाही, पहिल्या तासाभरात बाळाला पाजायचा. म्हणून तुमच्या मजकुरात 'चिकाचं दूध बाळासाठी अमृत' असं वाक्य आलं आणि कुणाचा चीक ते सांगितलं नाही, तर कुणीतरी घरी गाईची भुकटी कालवून नवजात बाळाला देईल. ही भीती मी उगाच बोलून दाखवत नाही. नव्या आईला मिळेल तो सल्ला ऐकावासा वाटतो.

दोन्ही चीक सारखे नाहीत. आईच्या चिकात आयजीए जातीची प्रतिपिंडं मुख्य असतात, ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर राखण करतात. गाईच्या चिकात मुख्य भाग आयजीजीचा, कारण वासराला ती रक्तात पोहोचवायची असतात. शिवाय आईनं तिच्या घरातल्या, तिच्या आसपासच्या जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं बाळाला मिळतात. गाईचे जंतू वेगळे असतात. ताई, कृपा करून प्रत्येक ठिकाणी 'गाईचा' किंवा 'आईचा' लिहा. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

भाषांतरकार :

हे फार मोलाचं सांगितलंत. 'गाईचा' हा शब्द आता कुठेच गाळणार नाही. पण 'प्रतिकारशक्ती वाढवते' याचं काय करू? वासराला प्रतिकारशक्ती मिळते हे तर पशुवैद्यांनीच सांगितलं.

आहारशास्त्राचे अभ्यासक :

वासराबद्दलचं खरं वाक्य माणसाला लावायचं, आणि मधला फरक 'प्रतिकारशक्ती' या एका शब्दाखाली झाकायचा, असं या विषयात सर्रास होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दुधातून प्रतिकारक्षमता पिल्लाकडे जाते हे पाउल एर्लिख यांनी १८९२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. विषाविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या उंदरीणीचं दूध दुसऱ्या उंदरीणीच्या पिल्लांना पाजलं तरी पिल्लांना संरक्षण मिळालं. पण तीही पिल्लंच होती. मोठ्या माणसाचं आतडं प्रतिपिंडं अख्खी रक्तात घेत नाही. बाकीच्या प्रथिनांसारखीच ती पचतात. त्यांतला काही भाग पचनातून वाचून आतड्यात पुढे सरकतो. म्हणजे गाईच्या चिकातल्या प्रतिपिंडांनी माणसात काही काम केलं, तर ते आतड्याच्या पोकळीत. 'शरीराची प्रतिकारशक्ती वाढवते' असं लिहिलं की वाचकाला रक्तात काहीतरी वाढल्याचं चित्र दिसतं. 'आतड्यातल्या काही जंतूंना रोखू शकते' हे वाक्य खऱ्याच्या जवळ जातं.

ते 'काही जंतू' कोणते, हा पुढचा मुद्दा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला नेहमी आठवते. हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंविरुद्ध गाईंना लस टोचली, त्यांच्यापासून मिळालेली प्रतिपिंडं दहा स्वयंसेवकांना दिली, आणि मग सर्वांना तेच जंतू पाजले. दहापैकी एकालाही जुलाब झाले नाहीत. तुलनेसाठीच्या दहा जणांनाही गाईची प्रतिपिंडंच दिली होती, पण त्या जंतूंविरुद्धची नव्हेत. त्यांपैकी नऊ जणांना जुलाब झाले. यातून गाईच्या प्रतिपिंडांची ताकद जितकी दिसते तितकीच तिची मर्यादाही दिसते. ज्या जंतूविरुद्ध प्रतिपिंड बनलं, त्यालाच ते धरतं.

अशा लस दिलेल्या गाईंच्या चिकाला विज्ञानात हायपरइम्यून म्हणतात. 'अतिप्रतिकारक चीक' असं करू नका, ते प्रौढीसारखं ऐकू येतं. 'विशिष्ट लस दिलेल्या गाईंचा चीक' असं सरळ लिहा. चार शब्द जास्त लागतात, पण साध्या चिकाच्या भुकटीनं या चाचणीचं श्रेय घ्यायचा रस्ता तिथेच बंद होतो.

'आतड्याची गळती' हा शब्दही टाळावा. आतडं फाटून गळतंय असं त्यातून वाटतं. मूळ कल्पना पारगम्यतेची आहे, अस्तरातून नको ते रेणू पलीकडे जाण्याची. इंडोमेथासिनसारख्या वेदनाशामकांनी ही पारगम्यता वाढते, आणि गाईच्या चिकानं ती वाढ रोखली गेली, असं स्वयंसेवकांवरच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. वाक्य एवढंच ठेवा. 'गळती थांबवून सर्व रोग मुळापासून बरे' इथपर्यंत ते ताणू नका.

'नैसर्गिक प्रतिजैविक' तर काढूनच टाका. चिकातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोहाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे जंतूंना वाढीसाठी लागणारं लोह मिळत नाही. हे प्रयोगनळीत सुंदर दिसतं. पण दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या २,२०३ बाळांवर ब्रिटनमध्ये गाईच्या लॅक्टोफेरिनची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि बाळांमधले जंतुसंसर्ग त्यानं कमी झाले नाहीत. ज्याला प्रतिजैविकाची गरज आहे त्या रुग्णानं हा शब्द वाचून भुकटीवर विसंबू नये, एवढ्यासाठी तरी तो नको.

खेळाडूंबद्दल मजकूर असेलच. जोरदार सराव करणाऱ्यांमध्ये सर्दी-खोकल्याचे दिवस कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे. तिथे मात्रा रोजची १० ते २० ग्रॅम, कधी ६० ग्रॅमपर्यंत. एका कॅप्सूलमध्ये अर्धा-एक ग्रॅम बसतो. म्हणून 'चीक घेतल्यानं' असं नुसतं न लिहिता मात्रेसकट लिहा. आणि एक सूचना जरूर जोडा: गाईच्या चिकात आयजीएफ-१ हे वाढ घडवणारं द्रव्य असतं, त्याची रचना माणसातल्या आयजीएफ-१ सारखीच असते. ते द्रव्य स्पर्धात्मक खेळांत निषिद्ध आहे. चीक स्वतः निषिद्ध यादीत नाही, तरी चाचणीच्या निकालावर परिणाम होऊ शकतो म्हणून तो घेऊ नये, असा जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे वाडाचा, सल्ला आहे.

कोशप्रेमी :

यावरून एक सुचतं. 'औषध', 'उपाय', 'पूरक आहार' हे तीन शब्द मूळ मजकुरात एकमेकांच्या जागी येत असतील. मराठीत ते वेगळे ठेवा. भुकटीला 'पूरक आहार' म्हणा. 'गुणकारी' हे विशेषण कशावर आणि कोणाला, हे न सांगता कधीही वापरू नये.

भाषांतरकार :

'नैसर्गिक असल्यामुळे कोणताही अपाय नाही' असंही एक वाक्य आहे.

परिचारिका :

ते तर नकोच. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना चीक चालत नाही, कारण तीच प्रथिनं चिकात आणखी दाट असतात. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना पोट फुगणं, जुलाब होऊ शकतात. गरोदर बायका, कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण, लहान मुलं यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही ओळ ठळक अक्षरांत हवी.

पशुवैद्य :

आणि 'कच्चा' या शब्दाकडे लक्ष द्या. काही जण 'कच्चा, म्हणून अस्सल' असं लिहितात. कच्च्या चिकातून ब्रुसेल्ला, साल्मोनेला, क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. प्रतिपिंडं फार उष्णतेनं बिघडतात आणि चीक घट्ट होतो हे खरं. म्हणून दूध ७२ अंशांवर तापवतात तसा चीक न तापवता तो ६० अंश सेल्सिअसवर ६० मिनिटं ठेवायची पद्धत गोठ्यांत रूढ आहे. जंतू मरतात आणि प्रतिपिंडं बरीचशी टिकतात. तेव्हा कच्चेपणात गुण शोधायचं कारण उरत नाही.

भाषांतरकार :

सगळ्यांच्या सूचना घेऊन सुरुवात अशी केली आहे:

'गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दोहनातला चीक निर्जंतुक करून, वाळवून ही भुकटी तयार केली आहे. हा पूरक आहार आहे, औषध नव्हे. गाईच्या चिकातली प्रतिपिंडं मोठ्या माणसाच्या रक्तात पोहोचत नाहीत. ती आतड्यातच काम करतात. नवजात बाळाला ही भुकटी देऊ नये; त्याला आईचाच चीक पाजावा.'

आहारशास्त्राचे अभ्यासक :

छान झालं आहे. फक्त 'ती आतड्यातच काम करतात' याऐवजी 'त्यांचा परिणाम झाला तर तो आतड्यात होतो' असं करा.

पशुवैद्य :

आणि 'निर्जंतुक करून' काढा. ६० अंशांवर रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू आणि त्यांचे बीजाणू मरत नाहीत. डबा उघडल्यावर कोरडा ठेवावा लागतो तो त्यासाठीच. 'सौम्य पाश्चरीकरण करून' लिहा.