फाउंड्रीत एआय आणायचे आहे. होकार देण्याआधी काय तयार असावे?

शिरोलीकर:
नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची बिडाची फाउंड्री आहे. वडिलांनी उभ्या केलेल्या या कारखान्यात आज सुमारे ७० माणसे काम करतात आणि आम्ही मुख्यतः पंपांचे व ट्रॅक्टरचे भाग ओततो. रिजेक्शन वर्षभर ६ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि पावसाळ्यात वाढते. गेल्या महिन्यात एक विक्रेते येऊन गेले. त्यांच्या म्हणण्यानुसार दोन वर्षांच्या नोंदी दिल्यास त्यांची एआय प्रणाली कोणत्या हीटमध्ये (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूत) ब्लोहोल (वायू अडकून राहिलेली पोकळी) येण्याचा संभव आहे ते ओतण्याआधीच सांगेल, शिवाय कॅमेऱ्यावरून सदोष कास्टिंग (ओतलेला भाग) वेगळे काढेल, आणि तिची अचूकता ९० टक्के आहे. आमच्याकडे स्पेक्ट्रोचे (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचे) अहवाल, वाळूच्या चाचण्यांची वही, भट्टीची लॉगशीट आणि फेटलिंगनंतरच्या (कास्टिंग घासून साफ केल्यानंतरच्या) तपासणीची एक्सेल फाईल आहे. एवढे पुरेसे आहे का? नसल्यास सुरुवात कोठून करावी?

गुणवत्तावाला:
नोंदी किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींना ओळखतात का, हे आधी पाहावे. त्यासाठी एक साधी परीक्षा सुचवतो. काल नाकारलेली दहा कास्टिंग उचला आणि प्रत्येकाची हीट कोणती, कोणत्या लेडलमधून (वितळलेला धातू ओतण्याच्या भांड्यातून) व किती वाजता ओतले, त्या वेळी वाळूतील ओलावा किती होता आणि कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) कोणत्या दिवशीचा होता, हे केवळ कागदांवरून शोधून दाखवा. कोणालाही विचारायचे नाही. बहुतेक ठिकाणी हीट नंबरपर्यंत माणूस पोहोचतो आणि तेथेच अडतो, कारण वाळूची चाचणी दर दोन तासांनी होते, मोल्डवर (वाळूच्या साच्यावर) वेळ लिहिलेली नसते आणि तपासणी तीन-चार दिवसांनी होते. असे असताना चार वह्या प्रणालीला दिल्या, तरी कोणत्या कारणाचा परिणाम कोणता, हे जुळवायला तिच्याकडे काहीच नसते.

दुसरी गोष्ट दोषांच्या नावांची. आमच्याकडे पहिल्या पाळीचा तपासनीस जे ‘ब्लोहोल’ म्हणून लिहीत असे, तेच दुसऱ्या पाळीत ‘पिनहोल’ आणि तिसऱ्या पाळीत नुसते ‘गॅस’ होत असे. शेवटी खरी सदोष कास्टिंग कापून, नावाच्या पाट्या लावून फळीवर टांगली, तेव्हा कोठे भाषा एक झाली. आणखी एक जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही दोष ग्राहकाकडे मशिनिंग करतानाच उघडे पडतात, आणि त्यांची माहिती डेबिट नोटच्या (ग्राहकाने पैसे कापल्याच्या पत्राच्या) रूपाने थेट हिशेब विभागात जाऊन बसते. ती तपासणीच्या फाईलमध्ये परत आणली नाही, तर तुमच्या प्रणालीला सर्वांत महागडे दोष कधी दिसणारच नाहीत.

विदाकार:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त त्या ९० टक्के अचूकतेबद्दल लिहितो, कारण व्यवहार बहुधा तेथेच फसतो. १००० कास्टिंगपैकी ६० सदोष आहेत असे धरू. ‘सगळी चांगली आहेत’ एवढे एकच वाक्य बोलणारी प्रणालीसुद्धा ९४ टक्के अचूक ठरेल आणि तिचा उपयोग शून्य असेल. आता खरोखर काम करणारी प्रणाली घ्या, जी सदोषांपैकी ९० टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी १० टक्क्यांवर चुकून ठपका ठेवते. ती ५४ सदोष पकडेल, ६ ग्राहकाकडे जाऊ देईल आणि ९४ चांगली कास्टिंग बाजूला काढेल. म्हणजे ज्या १४८ कास्टिंगवर ती बोट ठेवेल, त्यांतील बरीच निर्दोष असतील आणि ती पुन्हा तपासायला माणूस लागेलच. म्हणून सुटलेले किती आणि नाहक अडवलेले किती, असे दोन वेगळे आकडे मागा, आणि तेही तुमच्याच कास्टिंगवर मोजलेले.

चाचणी घेताना एकाच हीटची काही कास्टिंग शिकवायला आणि काही परीक्षेला, असे होऊ देऊ नका. तो पेपर फुटल्यासारखा प्रकार असतो. आधीच्या काळावर शिकवून नंतरच्या काळावर परीक्षा घ्यावी, आणि परीक्षेत पावसाळा असलाच पाहिजे. करार संपल्यावर सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हेही लेखी घ्यावे.

भट्टीजवळचा:
मी थोडा वेगळा सूर लावतो. पावसाळ्यात रिजेक्शन वाढते हे कळायला एआय कशाला हवे? दमट हवेत सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले) ओलावा ओढतात, उघड्यावरचे भंगार भिजते, आणि तोच ओलावा तापल्यावर वायू होऊन धातूत अडकतो. कोअर ठेवण्याची खोली कोरडी करून आणि जुने कोअर बाद करून आधी पाहा. ते करून जे रिजेक्शन उरेल, त्यासाठी प्रणालीचा विचार करा.

दुसरे, आणि माझ्या मते खरे दुखणे. मोल्डर ठेक्यावर असतील आणि मोल्डिंगच्या दोषाचे पैसे त्यांच्या बिलातून कापले जात असतील, तर दोष मोल्डिंगचा की भट्टीचा यावर रोज भांडण होते, आणि वहीत जे उतरते ते त्या दिवशी कोणाचा आवाज मोठा होता यावर ठरते. अशा वहीवरून यंत्र शिकले, तर ते कारखान्याचे राजकारण शिकेल. पैशांचा हिशेब आणि दोषाची नोंद एकमेकांपासून तोडल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि हे कामगारांना विक्रेत्याने नव्हे, तुम्ही स्वतः सांगा.

शिरोलीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा कास्टिंगची परीक्षा काल घेतली. हीट नंबर नऊंचा सापडला, ओतण्याची वेळ चारांची, आणि कोअरची तारीख एकाचीही नाही, कारण कोअर शॉपमध्ये नोंदवहीच नाही, हे मला वीस वर्षांत प्रथमच कळले. मोल्डरच्या बिलातून पैसे कापण्याच्या पद्धतीबद्दल भट्टीजवळच्यांनी लिहिले ते आमच्याकडे तंतोतंत लागू आहे. वडिलांशी त्यावर बोलणे हे या सगळ्यातील सर्वांत अवघड काम ठरणार आहे. तूर्त कोअरच्या प्रत्येक रॅकवर तारखेची पाटी लावली आहे, ओतताना मोल्डवर खडूने वेळ लिहायला सुरुवात केली आहे, आणि विक्रेत्यांना पुढचा पावसाळा संपल्यावर यायला सांगितले आहे. एक शंका उरते: मोल्ड फोडल्यावर खडूची वेळ नाहीशी होते, तर ती कास्टिंगपर्यंत टिकवण्यासाठी आपण काय करता?

गुणवत्तावाला:
आम्ही मोल्डमध्येच बदलता येणारा आकड्यांचा ठसा बसवतो, म्हणजे दिवस व पाळी कास्टिंगवरच उमटते. लेडलचा क्रमांक मात्र आजही मुकादमाच्या वहीत हाताने लिहावा लागतो.