सल्ला हवा: अवघड काळात वाचायला पुराणकथा/फँटसी (कोल्हापूर, वाचनगटासाठी)

पंचगंगाकाठ
गटात १२-१४ जण आहेत, कॉलेजच्या पोरांपासून सत्तरीच्या काकूंपर्यंत. दर रविवारी दीड तास. श्रावणापासून नवरात्रापर्यंत ९ बैठका मिळतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे पुराच्या इशाऱ्यापर्यंत, गेली की निम्म्यांचं लक्ष मोबाईलवर असतं. शिवाय नोकरीची, दवाखान्याची काळजी प्रत्येक घरात आहेच. अशा दिवसांत धरून राहायला काही देईल असं वाचायचंय. उपदेश नको, ‘सगळं छान होईल’ हेही नको. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्किन घ्या असं काहीजण म्हणतात. झेपेल का? मराठीत काय घेता येईल?

बेहडा
टोल्किन नंतर. आधी महाभारतातलं नलोपाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीची गोष्ट घ्या, कारण ती गोष्टच मुळी संकटातल्या माणसाला सांगितलेली आहे. वनवासात युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा कुणी पाहिलाय का? ऋषी समजूत घालत बसत नाहीत, नळाची गोष्ट सांगतात: कली अंगात शिरल्यावर तोही द्यूतात राज्य हरला होता. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत आरण्यकपर्वाचे अध्याय ५० ते ७८. मोठ्यानं वाचायला तीन बैठका धरा.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे सगळे हंस आणि स्वयंवरातच रमतात आणि शेवट घाईत गुंडाळला जातो. तुम्ही स्वयंवर पहिल्याच बैठकीत आटपा आणि ऋतुपर्णाच्या रथाला अख्खी बैठक द्या. नळ तेव्हा अयोध्येच्या या राजाकडे बाहुक नावाचा विद्रूप सारथी आहे. अंगात कली आहे आणि कर्कोटक नागाचं विषही आहे, पण ते विष नळाला नाही, आतल्या कलीला जाळतंय. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे बघून सांगतो, या दोन फांद्यांवर २०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवतो. राजाला पोचायची घाई आहे, तरी हा खाली उतरतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, घेतो आणि ती मिळताच कली विष ओकत बाहेर पडतो. लपतो कुठं, तर बेहड्यात. जुन्या काळी फासे याच फळांचे असत. ज्यानं राज्य घालवलं तेच हातात घेऊन मोजायला शिकला, तेव्हा नळ सुटला.

आणि गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिरालाही अक्षविद्या शिकवून जातो. पुस्तक निवडताना हाच निकष लावा: गोष्ट संपली तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात काय पडलं?

त्रिफळ्यातला बेहडा हाच. जडीबुटीच्या दुकानातून सुकी फळं आणून बैठकीत फिरवा. सुकल्यावर त्याला पाच पुसट कडा येतात. हातात धरलं की फाशांचं लगेच ध्यानात येतं.

तिकटी
बेहड्याशी सहमत. टोल्किनही झेपतो, फक्त सुरुवात चुकू देऊ नका. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तोंडाशी हॉबिट लोकांच्या चालीरीती, तंबाखू यांवर लांबलचक प्रास्ताविक आहे. गट तिथंच गळतो. ते सरळ सोडा. मुग्धा कर्णिकांचा मराठी अनुवाद आहे, ‘स्वामी मुद्रिकांचा’.

९ रविवारांत सगळं होणार नाही, धरूही नका. तीन खंडांत मिळून सहा पुस्तकं आहेत, त्यातलं सहावं घ्या. प्रकरणं ९. आधीची गोष्ट कुणीतरी वीस मिनिटांत सांगावी. तिसरं प्रकरण नीट वाचा: सौरॉन या दुष्ट सत्ताधीशाची अंगठी नष्ट करायला निघालेला हॉबिट फ्रोडो ती आगीत टाकायच्या क्षणी टाकत नाही. नायक हरतो. काम होतं ते अंगठीच्या मोहात सापडलेल्या गॉलममुळे, आणि गॉलम तिथं जिवंत असतो तो याआधी त्याच्यावर दया केली म्हणून. ती दया दाखवताना असलं काही कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आठवं प्रकरण तर सोडूच नका. लढाई जिंकून फ्रोडो आणि त्याचे साथीदार, असे चौघं गावी येतात तर गावच लुटलेलं, झाडं तोडलेली. सिनेमात हे नाही, त्यामुळे सिनेमा पाहिलेले लोक इथं चमकतात. फ्रोडोला ज्या तारखांना जखमा झाल्या त्या तारखांना तो पुढंही दरवर्षी आजारी पडतो. १९१६ च्या सोमच्या लढाईत स्वतः लढलेल्या माणसानं हे लिहिलंय.

एक काळजी घ्या. सौरॉन म्हणजे आजचा कोण, हा खेळ सुरू झाला की बैठक संपली समजा, उरतो तो राजकारणाचा वाद. टोल्किननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच सांगितलंय की हे रूपक नाही; वाचकाला आपल्या अनुभवाशी जोडायची मोकळीक आहे, लेखकाची सक्ती नाही.

पंचगंगाकाठ
बेहडा, निकष पटला. मग शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’ चालेल? सावंत आपल्या आजऱ्याचे, पोरांना आवडतेही.

बिंदूचौक
चालेल, पण जपून. एकटा कर्ण वाचला की ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच हातात उरतं, आणि वाईट दिवसांत ते माणसाला आणखी आत ओढतं. कादंबरीत ९ भाग आहेत, त्यातले ४ कर्णाचे. उरलेले कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्ण यांचे. कर्णाचा एक भाग घेतला तर जोडीला शोण किंवा वृषाली घ्याच. सोबत इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला कर्णावरचा लेख ठेवा. त्यात भावुकपणाला थारा नाही, म्हणूनच तोल साधतो.

इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना उर्सुला ल गुइनच्या अर्थसी या फँटसी मालिकेतलं तिसरं पुस्तक, ‘द फार्दस्ट शोअर’ (१९७२) द्या. जगातली जादू आटत चाललीय, गाणारे गाणी विसरतात, कारागिरांच्या हातातली कला जाते, आणि कुणाला त्याचं दुःखही होत नाही. आजच्या मरगळीचं इतकं नेमकं वर्णन फार कमी ठिकाणी आहे. मात्र पहिलं पुस्तक (१९६८) वाचल्याशिवाय त्यातला जादूगार गेड कोण हे लागणार नाही, ते आधी घरी वाचू दे.

बेहडा
एखादी बैठक छोटी करावी लागली, पाणी वाढलं म्हणा, तर महाभारताच्या शांतिपर्वातला आपद्धर्म, म्हणजे संकटात कसं वागावं हा भाग, काढा. अध्याय १३६, पलित उंदीर आणि लोमश मांजर. मांजर जाळ्यात अडकलंय, उंदरावर मुंगूस आणि घुबड टपलेत. दोघांचा करार होतो. उंदीर मांजराच्या कुशीत शिरतो, जाळं कुरतडायला लागतो, पण मुद्दाम हळू. मांजर घाई करतं. उंदीर शेवटचा धागा राखून ठेवतो आणि पहाटे पारधी दिसल्यावरच तोडतो, म्हणजे मांजराला पळण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. नंतर मांजर गोड बोलून बोलावतं, तेव्हा उंदीर बिळातूनच उत्तर देतो. ते उत्तर चुकवू नका. अडचणीत कुणावर किती आणि कधीपर्यंत विसंबायचं, ते सगळं त्यात आहे.

तिकटी
शेवटची बैठक ललिता पंचमीच्या आसपास येत असेल तर ती त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाईला, द्या. अंबाबाईच्या हातून कोल्हासुराचा वध झाला, विजयाचा सोहळा झाला आणि त्यात टेंबलाईला बोलवायचंच राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दरवर्षी त्या दिवशी अंबाबाई स्वतः तिच्याकडे जाते आणि तिथं कोहळा फुटतो. कोहळ्याची गर्दी सगळ्यांना पाठ आहे, रुसव्याची गोष्ट निम्म्यांना माहीत नसते. टोल्किनचं आठवं प्रकरण त्याच्या आदल्या रविवारी ठेवा आणि पंचमीला एवढंच विचारा: आपल्या विजयात बोलवायचं कोण राहिलं?

पंचगंगाकाठ
ठरलं. पहिले तीन रविवार नळ. बेहड्याची फळं उद्याच आणतो.