किल्लारीतल्या लेकरांचं कुठलं पाप?

पांथस्थ:
परवा कीर्तनात ऐकलं की भूकंप, महापूर हे सगळं माणसाच्या पापामुळे येतं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, दहा हजारांच्या आसपास गेली. त्यात पाळण्यातली पोरंपण होती ना. त्यांनी काय केलं होतं?

गोदाकाठ:
देवाला एकदम दोष देऊ नका. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, हीच शंका घेतलीय, देव पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही कारण तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात, पाऊस सगळीकडे सारखाच पण साळीतून साळ आणि जवातून जवच येतो. आणि हा काय पहिला जन्म नाही, कर्माला सुरुवातच नाही.

पांथस्थ:
सुरुवातच नाही म्हटलं की उत्तर नुसतं मागे मागे ढकललं जातं. किल्लारीत माणसं कशानं मेली ते माहितीये की, मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं, ते सगळं झोपेत अंगावर आलं. कुडाच्या झोपडीतले बरेच जण वाचले. मग पापाचा हिशोब भिंतीच्या जाडीवर कसा लागला?

मधुरा:
१९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजीपण म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. निदान त्यांनी बोट स्वतःच्या समाजाकडे वळवलं, हे मला मोठं वाटतं.

पांथस्थ:
मोठं आहेच, पण टागोर स्वतः अस्पृश्यतेच्या विरोधात असून याला कडकडून विरोध करून गेले. ढिगाऱ्याखाली तर ज्यांच्यावर अन्याय झाला तेपण होते! गांधीजींनी तो विरोध स्वतःच्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला, हे मात्र मानायला पाहिजे.

सास्तूरकर:
माझा काका गेला त्यात, सात वर्षांचा होता. भेटायला आलेला एक जण आज्जीला म्हणाला, मागच्या जन्मीचं असेल बाई. आज्जीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा काय मांडलं असेल तर देव्हारा. तुम्ही दोघं भांडताय त्यातलं कुणाचंच तिला पटलं नसतं.

गोदाकाठ:
वाचून गप्प झालो. सूत्राचा अर्थ मी सोडणार नाही, पण तुमच्या आज्जीपुढे तो माझ्या तोंडून निघणार नाही.

पांथस्थ:
तिच्यापुढे जे बोलवत नाही ते इथं खरं कसं मानायचं? वाद म्हणून नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.