गरोदर माता, सिफिलिस: पेनिसिलिनचा दुसरा डोस 12 व्या दिवशी, आता काय?

प्रश्न (वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र)
माता 26 आठवड्यांची. ड्युअल किट (एचआयव्ही-सिफिलिसची झटपट चाचणी) सिफिलिससाठी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह; आरपीआर (सिफिलिसची रक्तचाचणी, दुसरा आकडा जितका मोठा तितकं प्रमाण जास्त) 1:16. लक्षणं नाहीत, लागण कधीची ते कळत नाही. बेन्झाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, तीन डोसांपैकी पहिला दिला. पुढचा डोस 7 दिवसांनी होता, आली 12 दिवसांनी. उरलेले दोनच द्यायचे का? बाळाचं काय?

उत्तर (स्त्रीरोग)
पुन्हा पहिल्यापासून. जागतिक आरोग्य संघटना 14 दिवसांपर्यंतचं अंतर चालवून घेते, पण अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी गरोदरपणात 9 दिवसांपुढे नाही. प्रसूतीला वेळ आहे, तेव्हा कडक नियमच पाळा: आज, 7 व्या दिवशी, 14 व्या दिवशी. अ‍ॅलर्जी असली तरी अझिथ्रोमायसिनवर भागवू नका, त्याने गर्भाचा उपचार होईल याची खात्री नाही. रुग्णालयात डीसेन्सिटायझेशन (थोडं थोडं औषध वाढवत शरीराला सवय लावणं) करून पेनिसिलिनच द्यायचं. पहिल्या 24 तासांत ताप, कळा किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर लगेच यायला सांगा. नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर पुन्हा लागण होते.

उत्तर (परिचारिका)
दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख, खोल स्नायूत. औषध दाट असतं. व्हायल नीट हलवा, 21 गेजची सुई घ्या आणि भरल्यावर थांबू नका, नाहीतर सुई तुंबते. शिरेत कधीच नाही. तीव्र अ‍ॅलर्जी आली तर म्हणून अ‍ॅड्रेनालिन हाताशी हवं.

प्रश्नकर्ता
प्रसूतीपर्यंत आरपीआर उतरला नाही तर?

उत्तर (नवजात कक्ष)
एवढ्या उशिरा उपचार झाले की तोवर चौपट (1:16 वरून 1:4) उतरेलच असं नाही, तेवढ्यावरून उपचार फसले म्हणू नका. चौपट चढला तर मात्र फसले किंवा पुन्हा लागण झाली.
बाळाचं रक्त शिरेतून घ्या, नाळेतून नको, त्यात आईचं रक्त मिसळतं. आईचा 1:16 आणि बाळाचा 1:64 आला तर जन्मजात सिफिलिस धरूनच चाला. उपचार प्रसूतीआधी किमान 30 दिवस सुरू झालेले, तीनही डोस वेळेवर, बाळ तपासणीत ठीक आणि त्याचा आरपीआर चौपट नाही, तर बेन्झाथिन किलोमागे 50,000 युनिट, एकदाच. यातलं काही चुकलं तर पाठीच्या पाण्याची तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लांब हाडांचा एक्स-रे आणि 10 दिवस क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून: किलोमागे 50,000 युनिट, पहिले 7 दिवस दर 12 तासांनी, नंतर दर 8 तासांनी. 3 किलोच्या बाळाला दर वेळी दीड लाख. एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.
आईच्या कार्डावर तीनही डोसांच्या तारखा आणि टायटर (आरपीआरचा आकडा) लिहून द्या. प्रसूती दुसरीकडे झाली आणि तारखा नसल्या, तर तिथले डॉक्टर उपचार अपुरेच धरतात.